आधी अंतर, मग नाव

दिवाळी आटोपली की नागपुरात तीन वर्षांच्या लेकरांच्या आईबापांची धावपळ सुरू होते. कोणत्या शाळेचे फॉर्म कधी निघणार, कुठे ऑनलाइन भरायचे, कुठे पहाटे रांग लावावी लागते, कुठे आई आणि बाबा दोघांनाही बोलावतात, याची खबरबात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागते. मानेवाड्यातला माणूस काटोल रोडच्या शाळेची चौकशी करतो, कोराडी रोडवरचा वर्धा रोडच्या शाळेची. बोर्ड कोणतं, निकाल कसा, स्विमिंग पूल आहे का, एसी आहे का, ओळखीतल्या कोणाकोणाची मुलं तिथे आहेत, सगळं विचारून होतं. शाळा घरापासून किती लांब, हा प्रश्न शेवटी येतो, आणि तोही बसचे पैसे किती पडतील एवढ्यापुरताच.

माझं म्हणणं आहे की हा प्रश्न पहिला विचारला पाहिजे. नर्सरीपासून चौथीपर्यंतच्या मुलासाठी शाळा निवडताना अंतर हा पहिला निकष असावा. बोर्ड, नाव, इमारत, निकाल हे सगळं त्यानंतर. सोय बघा, एवढंच सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. लहान मुलाची झोप, त्याची भूक, त्याची दोस्ती आणि आपल्या वस्तीतल्या शाळेचं जगणं-मरणं, हे सगळं या एका निवडीवर अवलंबून असतं.

दूरच्या शाळेचा दिवस कसा असतो ते बघा. शाळा नऊची असली तरी व्हॅन पावणेआठला दारात येते, कारण व्हॅनवाल्या काकांना अजून आठ-दहा घरं घ्यायची असतात. म्हणजे लेकरू सातला उठवायचं, अर्धवट झोपेत त्याच्या तोंडात दूध-बिस्कीट कोंबायचं, आणि शू-शी झाली की नाही याची वाट न बघता त्याला गाडीत चढवायचं. आत मागच्या बाकावर एकमेकांसमोर गुडघे अडकलेली चार-पाच पोरं, मधल्या जागेत दप्तरं, गळ्यात वॉटरबॅग. रिंग रोडवर सिग्नलला थांबली की गाडी तापते. सुटताना तर विचारूच नका. अनेक शाळांचं सत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं, तेव्हा नागपूरचा पारा चाळिशीच्या आसपास असतो. दुपारी साडेबारा-एकला सुटलेलं चार वर्षांचं मूल, त्याचं घर व्हॅनच्या फेरीत शेवटचं असेल तर, तासभर त्या पत्र्याच्या डब्यात बसतं. घरी आल्यावर ते जेवत नाही, चिडचिड करतं, दप्तर फेकतं. आई म्हणते, शाळेतून आलं की याला काय होतं कोण जाणे. काय होतं ते रस्त्यात होतं.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात दहा ते तेरा तास झोप लागते आणि सहा वर्षांनंतर नऊ ते बारा तास, हे बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. ज्या घरात बाबा रात्री नऊला दुकान बंद करून येतात आणि मूल त्यांच्याशी खेळल्याशिवाय झोपत नाही, तिथे सकाळचा प्रत्येक पाव तास झोपेतून कापला जातो. राज्य सरकारने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय काढला, तो याच कारणासाठी. निर्णय चांगला होता. पण शाळा बारा-पंधरा किलोमीटर लांब असेल तर नऊची शाळाही मुलासाठी सातचीच होते. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांनी आणि बसवाल्यांनी या निर्णयावर कुरकुर केली, तीही बसच्या फेऱ्यांपायीच. मुलं चालत येणारी असती तर वेळ बदलण्यात फार अडचण नव्हती.

यावर पालकांचं उत्तर ठरलेलं असतं. "जवळ चांगली शाळा असती तर लांब कशाला पाठवलं असतं? आणि सगळेच पाठवून राहिले, मग आपणच काऊन मागं राहायचं?" हे उत्तर उडवून लावण्यासारखं नाही. त्यात काळजी आहे, आणि थोडी भीतीही आहे. पण तीन ते सहा या वयात चांगली शाळा म्हणजे नेमकं काय, हे एकदा नीट पाहिलं की आपण लांब कशासाठी जातो तेही तपासता येतं.

या वयाच्या शिक्षणाचा पाया महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी घातला. लग्नानंतर त्या काही वर्षं अमरावतीला होत्या, म्हणजे आपल्या विदर्भाशी त्यांचं नातं जुनं. पुढे भावनगरला गुजरातमधले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालमंदिराचं काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभारलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत यायला तयार होत ना, तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणावरच शाळा भरवली. मुलानं शाळेकडे जायचं, त्याआधी शाळेनं मुलाकडे जायचं, हा विचार ऐंशी वर्षांपूर्वी आपल्याच भाषेत मांडला गेला आणि करूनही दाखवला गेला. त्या अंगणात शंख-शिंपले, माती, चिंचोके आणि पानं हेच शिकवण्याचं साहित्य होतं. आज आपण त्याच्या उलट करतो. मुलाला त्याच्या अंगणातून उचलतो, शहर ओलांडून नेतो आणि तिथे प्लास्टिकच्या ठोकळ्यांशी खेळायला बसवतो.

तीन ते सहा या वयात मुलाला जे शिकायचं असतं त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. भरपूर बोलायला मिळणं, गोष्ट ऐकणं, गाणी, धावणं, चढणं, माती मळणं, दुसऱ्या मुलाशी भांडून पुन्हा एकत्र खेळणं, आणि आई-बाबांशिवाय काही तास निर्धास्त राहता येणं, एवढंच लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा हा टप्पा वेगळा काढून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. तरीही आपल्याकडे केजी वन संपायच्या आत मुलाला कर्सिव्ह, म्हणजे जोडाक्षरी वळणाचं इंग्रजी, लिहिता आलं पाहिजे, असा आग्रह शाळाही धरतात आणि पालकही. मनगटातली आठ छोटी हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि हळूहळू पक्की होतात. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यातली साधारण तीन-चारच दिसतात. त्या हातात पेन्सिल कोंबून पानभर 'ए' गिरवून घेतले तर हात दुखतो, अक्षर बिघडतं आणि मूल वहीचा राग करू लागतं. मातीचे लाडू वळणारा, पिठाची लाटी दाबणारा, चिमटीत वाटाणे सोलणारा हातच पुढे नीट लिहितो.

वस्तीतल्या एखाद्या साध्या शाळेत हे सगळं होत असेल तर ती चांगली शाळा आहे. लांबच्या नावाजलेल्या शाळेत होत नसेल तर ती तुमच्या लेकरासाठी चांगली नाही. म्हणून शाळा बघायला जाताना ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचण्यापेक्षा शाळा सुरू असताना जा. भिंतीवरचा बोर्ड बघा. तीस मुलांची तीस संत्री सारख्याच रंगात, रेषेबाहेर जराही न जाता रंगवलेली असतील, तर ती टीचरनी किंवा घरी आयांनी रंगवलेली आहेत. एखादं निळं संत्रं, एखादं अर्धवट सोडलेलं, एखाद्याला पाय फुटलेले दिसले तर समजा की इथे मुलांच्या हाताला मोकळीक आहे. मग शौचालयात जा. नळ मुलाच्या हाताला पोचतो का, कडी आतून अडकली तर बाहेरून उघडता येते का, फरशी ओली आहे का, मदतीला मावशी आहेत का. वर्ग टिनाच्या शेडखाली आहेत का, आणि असतील तर एप्रिलमध्ये तिथे काय करतात, हे नागपुरात विचारायलाच हवं. शेवटचं म्हणजे एखादं मूल रडत असेल तर थोडं थांबून बघा. बाई त्याच्याजवळ खाली बसतात की त्याला वर्गाबाहेर उभं करतात? माहितीपत्रकात या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

प्रवेशासाठी मुलाची मुलाखत घेणाऱ्या शाळेबद्दल मात्र मी एक पाऊलही मागे घ्यायला तयार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कुठलीही चाळणी लावता येत नाही आणि देणगीही घेता येत नाही. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर चिठ्ठ्या टाकायच्या, दुसरा मार्ग नाही. चाळणी लावली तर पहिल्यांदा पंचवीस हजार रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत. हे सगळं लिहून ठेवलेलं असताना मुलाखतीला 'इंटरॅक्शन' असं नाव देऊन साडेतीन वर्षांच्या मुलाला विचारलं जातं, "व्हॉट कलर इज धिस?" आई बाहेर देवाचं नाव घेत असते. आणि त्या पंधरा मिनिटांसाठी अडीच वर्षांच्या मुलांना क्लास लावला जातो! पालकांनी आपापसात ठरवून अशी मुलाखत नाकारावी आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी. एकट्याने केली तर मुलाची जागा जाईल अशी भीती वाटते, ती खोटी नाही, म्हणून दहा जणांनी मिळून करावी. वस्तीतल्या शाळेसाठी असे दहा जण सहज जमतात, कारण ते एकमेकांना ओळखतात. शहराच्या पाच कोपऱ्यांतून आलेले पालक गेटवर नुसतेच भेटतात.

आता माध्यमाचं. हा विषय निघाला की नागपुरात घरोघरी आवाज चढतो. आपली मुलं घरी मराठी बोलतात, गल्लीत हिंदी, आणि टीव्ही-मोबाइलवर दोन्हींत इंग्रजी मिसळलेली असते. चार वर्षांचं पोर आजीशी एका भाषेत आणि शेजारच्या दोस्ताशी दुसऱ्या भाषेत न अडखळता बोलतं. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणण्यावरून राज्यभर वाद झाला आणि जूनअखेर सरकारला ते शासन निर्णय मागे घ्यावे लागले. मला तेव्हा वाटत होतं, आणि आजही वाटतं, की नागपूरच्या मुलाला बोलण्यापुरती हिंदी पुस्तकातून शिकवायची गरजच नाही, ती त्याला अंगणात मिळते. त्याला अडचण येते ती वाचायला शिकताना. अक्षर आणि आवाज जोडायचं अवघड काम ज्या भाषेत करायचं, ती भाषा त्याच्या तोंडात नसेल तर मूल वाचत नाही, पाठ करतं. केजीतलं मूल 'अंब्रेला' घडाघडा म्हणतं आणि दारात टांगलेल्या छत्रीकडे बोट दाखवून विचारलं तर गप्प राहतं, हे नागपुरात अनेक घरांत दिसतं. शिक्षण हक्क कायदा शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतो, २०२० चं धोरण किमान पाचवीपर्यंत तेच सांगतं.

तरीही मराठी माध्यमाचा उपदेश मी सरसकट कोणालाही करणार नाही. ज्या घरात आजोबांना शाळेच्या उंबरठ्याबाहेर बसवलं गेलं, ज्या वस्तीने बाबासाहेबांच्या शिकवणीवर एका पिढीत पदव्या मिळवल्या, त्या घरातली आई 'माझी मुलगी इंग्रजीच शिकेल' म्हणते तेव्हा ती चुकीचं बोलत नाही. इंग्रजी हे तिच्यासाठी दार आहे, आणि ते दार कोणाकोणासाठी बंद होतं हे तिला माहीत आहे. स्वतःची मुलं-नातवंडं इंग्रजी शाळेत घालून तिला मराठीचं महत्त्व सांगायला जाणाऱ्यांनी आधी आपलं घर बघावं. माझं तिला सांगणं एवढंच, की इंग्रजी चांगली यावी यासाठीच वाचायला आधी घरच्या भाषेत शिकू द्या. महाराष्ट्रात सेमी इंग्रजीचा मार्ग आहे. त्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. नागपुरातल्या कितीतरी जुन्या मराठी शाळांनी तो घेतला आहे. त्या शाळा तुमच्या-माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहेत. आणि घराजवळची शाळा इंग्रजी माध्यमाचीच असेल, तिथल्या बाई मुलाला घरच्या भाषेत उत्तर द्यायला मोकळीक देत असतील, तर मी लांबच्या मराठी शाळेपेक्षा ती जवळची इंग्रजी शाळा निवडायला सांगेन. अंतर पहिलं म्हटलं ते मी माध्यमाच्या बाबतीतही मागे घेत नाही.

जवळच्या शाळेची ही कल्पना नवी नाही. केंद्राने नेमलेल्या कोठारी शिक्षण आयोगाने १९६४-६६ मध्ये परिसर शाळेची शिफारस केली होती. एका वस्तीतली सगळी मुलं, डॉक्टरांची आणि धुणंभांडी करणाऱ्या ताईंचीही, एकाच शाळेत. शिक्षण हक्क कायद्याने परिसराची कल्पना उचलली आणि महाराष्ट्राच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी मर्यादा घातली. खाजगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी राखीव झाल्या, त्यातही अंतर बघितलं जातं. आणि मग फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने याच एक किलोमीटरचा आधार घेऊन उलटा नियम काढला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. म्हणजे वस्ती एक, पण शाळा दोन. पैसेवाल्यांची वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो नियम रद्द केला. बरं झालं. जवळची शाळा म्हणजे गरिबांना गरिबांच्या शाळेत बांधून ठेवायचं साधन नव्हे. ती सगळ्यांची असेल तरच तिला अर्थ आहे. डॉक्टरांचं मूल तिथे नसेल तर शौचालयाच्या तुटलेल्या कडीची तक्रार करणाराही कोणी उरत नाही.

आपण सगळे आपली मुलं शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवतो तेव्हा मागे उरलेल्या शाळेचं काय होतं, हे उन्हाळ्यात दिसतं. एप्रिल-मेच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून शिक्षक झोपडपट्टीत, बांधकामाच्या साइटवर, गल्लीबोळांत मुलं शोधत फिरतात. गणवेश आम्ही देऊ, ऑटोचे पैसे आम्ही भरू, फक्त नाव टाका, असं पालकांना सांगतात. कित्येक जण ते पैसे स्वतःच्या पगारातून भरतात. कारण पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षकाचं पद जातं, पद गेलं की दोन वर्ग एकत्र बसतात, वर्ग एकत्र बसले की उरलेले पालकही मुलं काढून नेतात. महापालिकेच्या अनेक मराठी शाळा अशाच बंद झाल्या. त्या इमारती, ती मैदानं, ती कडुलिंबाची झाडं आपल्याच करातून उभी राहिली होती. जवळ चांगली शाळा नाही म्हणून आपण लांब जातो, हे जितकं खरं, तितकंच आपण लांब गेलो म्हणून जवळची शाळा राहिली नाही, हेही खरं.

शाळेसाठी मुलाची तयारी म्हटली की आपण एबीसीडी, वन टू हंड्रेड आणि फळांची इंग्रजी नावं घेऊन बसतो. पहिल्या दिवशी त्याला यातलं काहीच लागत नाही. त्याला डब्याचं झाकण उघडता आलं पाहिजे. (बाजारात मिळणारे घट्ट क्लिपचे डबे मोठ्यांनाही उघडत नाहीत, ते घेऊ नका.) बाटली उघडून पाणी पिऊन परत बंद करता आलं पाहिजे. शू लागली हे परक्या बाईंना सांगता आलं पाहिजे, चड्डीचं इलॅस्टिक खाली-वर करता आलं पाहिजे, आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगता आलं पाहिजे. चार घास स्वतःच्या हाताने खाता आले पाहिजेत. जी आई चार वर्षांच्या मुलाला मोबाइल दाखवत भरवते, तिच्या मुलाला शाळेत भूक लागते आणि डबा तसाच परत येतो. यात आईचा दोष काढण्यासारखं काही नाही, सवय लावायला दोन महिने पुरतात. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात, म्हणजे राज्य मंडळाच्या शाळेत घालणाऱ्यांना अख्खा उन्हाळा मिळतो.

तयारीचा मोठा भाग मात्र घरात होत नाही, आणि इथे पुन्हा अंतराचाच प्रश्न येतो. शाळा जवळ असेल तर सहा महिने आधीपासून मूल तिच्यावरून जातं. भाजी आणताना तिचं गेट बघतं, संध्याकाळी मैदानावर खेळतं, समोरच्या घरातला दादा त्याच गणवेशात निघताना बघतं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्यानंतरच्या लहान मुलांच्या सणाला, लाकडी नंदी घेऊन ज्या पोरांसोबत ते घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरलं, त्यातली चार पोरं त्याच वर्गात बसलेली दिसली की पहिल्या दिवसाचं रडणं निम्म्याने कमी होतं. मूल आजारी पडलं तर शाळेतून फोन आल्यावर आजी चालत जाऊन घेऊन येते. दूरच्या शाळेतलं मूल रोज अनोळखी रस्त्याने अनोळखी इमारतीत जातं आणि जीव लावलेला मित्र जरीपटक्याला राहतो म्हणून सुटीत एकटं खेळतं. आपण त्याच्या आयुष्याचे दोन तुकडे करतो, एक शाळेतला आणि एक वस्तीतला, आणि तुकडे कधी जुळतच नाहीत.

प्रवेशाचं वय पुढे ढकलायलाही घाबरू नका. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत. पण डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल जूनमध्ये पहिलीत बसतं तेव्हा ते जेमतेम साडेपाच वर्षांचं असतं आणि त्याच बाकावर साडेसहाचं मूलही असतं. बालवाडीत एक वर्ष जास्त राहिल्याने कोणाचं काही बिघडत नाही. वर्षभर मागे राहण्याच्या धास्तीने आपण मुलाला वर्गातलं सगळ्यात लहान करतो आणि मग ते कच्चं आहे म्हणून ट्यूशन लावतो.

मग लांबच्या त्या नावाजलेल्या शाळांचं काय? त्या वाईट आहेत असं मी कुठेही म्हटलेलं नाही. नागपूरची जुनी रीत आठवा. चौथीपर्यंत वस्तीतली शाळा, मग पाचवीला सीताबर्डी, महाल, धरमपेठेतलं हायस्कूल. दहा वर्षांचं मूल सायकलवर किंवा सिटी बसने जाऊ शकत होतं, लांबच्या प्रवासातून शिकतही होतं. आता ती रीत मोडली, कारण मोठ्या शाळांनी सगळ्या जागा नर्सरीतच भरायला सुरुवात केली. पुढे शिरायला वाव नाही, म्हणून पालक तीन वर्षांच्या मुलासाठी बारावीपर्यंतची जागा धरून ठेवतो. रेल्वेत जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतात, तसं आपण लेकरू टाकतो. या भीतीचं मूळ शाळांच्या प्रवेशपद्धतीत आहे आणि ती बदलता येते.

म्हणून मागणी करायची तर ही करावी. बारावीपर्यंत वर्ग असलेल्या प्रत्येक शाळेने पाचवीत किमान एक नवी तुकडी उघडावी आणि ती सोडत काढून भरावी. म्हणजे पालकाला चौथीपर्यंत मूल घराजवळ ठेवायची हिंमत होईल. महापालिकेने प्रत्येक प्रभागातल्या शाळांची यादी, त्यांचा यूडायस क्रमांक (सरकारी नोंदणीतला शाळेचा क्रमांक), पट आणि शिक्षकांची संख्या प्रभाग कार्यालयात मराठीत लावावी, म्हणजे मान्यता नसलेल्या शाळांचे फलक बघून कोणी फसणार नाही. अनुदानित आणि महापालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया, हे कायद्यातच आहे. त्या समितीत वस्तीतल्या शिकलेल्या, बोलणाऱ्या आयांनी आपलं नाव द्यावं. आणि शाळेच्या गेटपासून अर्धा किलोमीटरपर्यंत तरी फुटपाथ मोकळे करा, रिंग रोडला मुलं ओलांडतात तिथे शाळा भरताना आणि सुटताना वाहतूक पोलीस उभा करा. चालत जाता येईल अशी शाळा निवडा, असं पालकांना सांगायचं तर आधी चालता येईल असा रस्ता द्यावा लागेल, आणि तो देणं महापालिकेचं काम आहे.